मेलेल्यांत कृमी कमी, जिवंतांत जास्त

मेलेल्या बोटुकलीच्या, म्हणजे माशाच्या बोटभर पिल्लाच्या, आतड्यात एखाददुसरा कृमी, आणि त्याच तळ्यातून जिवंत आलेल्या बोटुकलीचं आतडं कृमींनी ठासून भरलेलं. मत्स्यरोगांच्या प्रयोगशाळेत असं उलटं चित्र क्वचित समोर येतं. ज्याच्या अंगात परोपजीवी जास्त तो आधी मरणार, हा आपला पहिला अंदाज असतो आणि बहुतेक वेळा तो चालून जातो. या प्रकरणात तो चालला नाही. अहवाल देऊन झाला, तळं कोरडं करून झालं, तरी त्या दोन दिवसांतली निरीक्षणं मी अजून जुळवून पाहते आहे, म्हणून ती इथे सविस्तर मांडते.

एका संगोपन तळ्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) यांची बोटुकली एकत्र सोडलेली होती. बरेच दिवस रोज थोडीथोडी मर चालू होती. मरणारे मासे बारीक, डोकं मोठं दिसणारं, पाठ सुकलेली. काहींचं पोट मात्र फुगलेलं. कडेला येऊन संथ पोहायचे, खाद्याकडे वळायचे नाहीत. औषधं पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने भिंगातून कल्ले पाहिले, ‘कल्ल्यात कृमी आहेत’ असं सांगितलं आणि फॉर्मेलिनची (फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाची) मात्रा लिहून दिली. संध्याकाळी फॉर्मेलिन पडलं. पहाटे तळ्यावर मेलेल्या माशांचा थर होता. त्यातले काही थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर, सकाळी माझ्या टेबलावर आले.

पेटी उघडण्याआधी नमुन्याबद्दल सांगायला हवं, कारण निम्मी निदानं तिथेच बिघडतात. कृमी शोधायचे तर मासा जिवंत हवा. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, त्याच तळ्याच्या पाण्यात. कल्ल्यांवरचे चपटे कृमी यजमान मासा मेला की सैल पडतात, काही तासांत गळतात किंवा विरघळून जातात. आतड्यातले थोडे जास्त टिकतात, पण मेलेल्या माशाचं आतडं स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळायला लागतं, आणि उबदार पाण्यात रात्रभर तरंगलेल्या माशातले कोवळे पट्टकृमी (फितीसारखे लांब कृमी) सकाळपर्यंत ओळखू येत नाहीत. काही गुदद्वारातून बाहेर पडून जातात. मेल्यामेल्या बर्फावर ठेवलेला मासा मी चालवून घेते. फ्रीझरमध्ये दगड झालेला मासा जवळपास निरुपयोगी: पेशी फुटलेल्या असतात, कृमीच्या अंगाचा लगदा होतो, त्याची टणक हुकं तेवढी शिल्लक राहतात. तरी लोक फ्रीझरमधलाच मासा आणतात, ‘खराब होऊ नये म्हणून ठेवला’ असं सांगतात. दोष त्यांचा नाही. नमुना कसा पाठवायचा हे सांगणारा एक साधा कागद तळेवाल्यांच्या हातात आधी पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचवणं आमच्यासारख्यांचं काम आहे. ते होत नाही.

आधी कल्ले तपासले. कल्ल्याचं झाकण कापून दोन्ही बाजूंच्या चारचार कमानी सुट्या करायच्या, तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात पसरायच्या, कव्हर स्लिप ठेवून आधी 40 पट आणि मग 100 पट मोठं करून पाहायचं. क्लोरीनचं नळाचं पाणी वापरलं तर कृमी आकसतो, आणि आकसलेला कृमी म्हणजे श्लेष्म्यात हरवलेला एक पारदर्शक ठिपका. जिवंत मासा असेल तर लवंगतेलाची भूल मी शक्यतो टाळते, कारण भुलीच्या पाण्यात कल्ल्यांवरचे कृमी सुटून पडतात. वापरावीच लागली तर ते पाणीसुद्धा गाळून पाहते.

कल्ल्यांवर आणि त्वचेवर कृमींची दोन कुळं, डॅक्टिलोगायरस आणि गायरोडॅक्टिलस, नेहमी भेटतात आणि त्यांची गल्लत फार होते. डॅक्टिलोगायरसच्या पुढच्या टोकाशी चार काळे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. मागच्या चकतीवर मधोमध मोठी हुकं आणि काठाने 14 बारीक हुकं. हा अंडी घालतो. गायरोडॅक्टिलसला डोळे नाहीत, काठाची हुकं 16, आणि त्याच्या पोटात वाढणारं पिल्लू स्पष्ट दिसतं, त्या पिल्लाची हुकंसुद्धा मोजता येतात. हा पिल्लं जन्माला घालतो. उपचार ठरतो तो याच फरकावर. फॉर्मेलिन अंड्यांना मारत नाही, म्हणून डॅक्टिलोगायरससाठी अंडी फुटल्यावर पुन्हा मात्रा द्यावी लागते, आणि किती दिवसांनी ते पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. गायरोडॅक्टिलसला अंड्यांची ढाल नाही, त्यामुळे नीट दिलेली एकच मात्रा बरेचदा पुरते. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर कुळ नव्हतं, पुन्हा देण्याची तारीख नव्हती. ‘कल्ल्यातले कृमी’ एवढंच होतं.

मेलेल्या माशांच्या कल्ल्यांवर डॅक्टिलोगायरस होते, हे खरं. एका कमानीवर दोन-तीन, तेही मेलेले, हुकांनी लोंबकळत राहिलेले. फॉर्मेलिनने त्याचं काम केलं होतं. पण कल्ल्यांची अवस्था पाहा. डॅक्टिलोगायरस व्हास्टेटरने मारलेल्या सायप्रिनसच्या पिल्लात कल्ल्यांच्या तंतूंची टोकं सुजून जाड होतात, पेशींची वाढ होऊन शेजारचे तंतू एकमेकांना चिकटतात, आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. इथे तंतू सुटे होते, टोकं बारीक होती, श्लेष्मा थोडा जास्त एवढंच. कल्ल्यात दोन-चार डॅक्टिलोगायरस नसलेली तळ्यातली सायप्रिनस मला क्वचितच दिसते. त्यांच्यामुळे हे मासे मेले असं म्हणायला जागा नव्हती.

मग ते कशाने मेले? तोंडं उघडी, कल्ल्यांची झाकणं ताणलेली, अंगावर जखम नाही, आतड्यात आदल्या दिवसाचं खाद्य. आणि एक गोष्ट पेटी उघडताच जाणवली होती: मासे चांगले वाढलेले होते. ज्या सुकलेल्या, डोकेमोठ्या माशांचं वर्णन मी फोनवर ऐकलं होतं तसे यात जवळपास नव्हतेच.

फॉर्मेलिनचा हिशोब इथे मांडते, कारण तो न मांडता कितीतरी जण ते तळ्यात ओततात. तळ्यासाठीची नेहमीची मात्रा 25 मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्यात पडलेलं दर 5 मिलिग्रॅम फॉर्मेलिन रासायनिक क्रियेने सुमारे 1 मिलिग्रॅम विद्राव्य ऑक्सिजन खातं, म्हणजे 25 मिलिग्रॅमने दीडेक दिवसात लिटरमागे 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन जातो. बोटुकलीला सुखाने राहायला साधारण तेवढाच लागतो. शिवाय फॉर्मेलिन शैवाल मारतं. हिरव्यागार पाण्यात दिवसा ऑक्सिजन तयार करणारं शैवालच मेलं की तयार होणं थांबतं, आणि मेलेलं शैवाल कुजताना उरलेला ऑक्सिजनही वापरतं. तळ्यातला ऑक्सिजन एरवीही पहाटे सर्वांत कमी असतो. संध्याकाळी, हिरव्या पाण्यात, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसताना फॉर्मेलिन घालणं म्हणजे ही तिन्ही कारणं एकाच पहाटेवर आणून ठेवणं. सकाळी, भरपूर हवा देत, आणि पाणी उबदार असेल तर मात्रा कमी करून ते द्यायचं असतं. औषध विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने मात्रा लिहून देऊ नये, इतकं हे सरळ आहे.

तर पहाटेची मर ऑक्सिजनची. पण आधीची रोजची मर? तिचं उत्तर कल्ल्यात नव्हतं, म्हणून आतडी काढली.

सायप्रिनसला जठर नसतं. अन्ननलिका थेट आतड्याच्या पुढच्या फुगीर भागात उघडते आणि तिथून आतडं वळसे घेत जातं. बोटुकलीचं पूर्ण आतडं अलगद काढून 0.65 टक्के मिठाच्या पाण्यात लांब पसरायचं, आणि बारीक कात्रीने पुढून मागे उभं चिरत जायचं. मेलेल्या माशांत काही आतडी रिकामी निघाली, काहींत एक किंवा दोन पांढुरक्या फिती, अर्धवट विरलेल्या. कुळ सांगता येईल असं त्यात काही नव्हतं. तळ्याच्या व्यवस्थापकांना फोन केला आणि त्याच तळ्यातले जिवंत मासे मागवले. कडेला संथ पोहणारे वेगळे आणि मधून जाळ्यात आलेले वेगळे, दोन पिशव्यांत.

दुसऱ्या दिवशी आलेल्या कडेच्या पिशवीतल्या पहिल्याच गवत्याचं पोट उघडलं आणि आतड्याचा पुढचा भाग बाहेरूनच पांढरा, ताणलेला दिसला. भिंत इतकी पातळ झालेली की कात्री लावण्याआधी आतल्या फिती दिसत होत्या. चिरल्यावर त्या एकमेकांत गुंतलेल्या गुच्छाने बाहेर आल्या. त्या बोटभर माशात 40 च्या वर कृमी होते. आतड्याची वाट पूर्ण बंद; गुच्छाच्या मागचं आतडं रिकामं, पिवळ्या श्लेष्म्याने भरलेलं. पुढच्या माशात अकरा, त्यापुढच्यात तीन, एकात पुन्हा तीसच्या आसपास. मधून पकडलेल्या माशांत बहुतेकांत शून्य ते दोन.

हा असमान वाटा अपेक्षितच असतो. कृमी सगळ्या माशांत सारखे वाटले जात नाहीत. थोड्या माशांत बहुसंख्य कृमी आणि बहुसंख्य माशांत थोडे, अशीच त्यांची रीत. म्हणून सरासरी एकटी सांगितली तर ती दिशाभूल करते. किती टक्के मासे बाधित, बाधित माशामागे किती कृमी, आणि सर्वांत जास्त एका माशात किती, हे तिन्ही आकडे लागतात. आमच्याकडून जाणाऱ्या कितीतरी अहवालांत ‘परोपजीवी आढळले’ एवढंच वाक्य असतं. त्या वाक्यावरून तळेवाल्याने काय करावं? मला त्या वाक्याचा राग येतो आणि मी ते माझ्या सहीने जाऊ देत नाही.

ओळख पटवताना घाई करून चालत नाही, कारण सायप्रिनसच्या आतड्यात दोन पांढऱ्या फिती सापडू शकतात आणि त्या वरवर सारख्या दिसतात. एक खाविया सायनेन्सिस: अंगाला खंड नाहीत, पूर्ण शरीर एकसलग, पुढचं टोक झालरीसारखं. दुसरी आशियाई पट्टकृमी, बोथ्रिओसेफॅलस अकायलोग्नाथाय: अंगावर खंड, आणि डोकं हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंना एकेक खोल खाच. याच खाचांत तो आतड्याची घडी चिमटीत धरतो. हा फरक पुस्तकी नाही. खावियाचा मधला यजमान, म्हणजे माशात जाण्याआधी कृमी ज्याच्यात वाढतो तो प्राणी, चिखलातला ट्युबिफेक्स हा बारीक किडा, म्हणून उपाय तळाच्या गाळात. दुसऱ्याचा मधला यजमान सायक्लॉप्स हा पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कवचधारी प्राणी. चुकीचं नाव लिहिलं की उपाय चुकीच्या जागी होतो.

फिती मिठाच्या पाण्यात धुऊन, उकळीला आलेलं 4 टक्के फॉर्मेलिन वरून एकदम ओतलं. थंड फॉर्मेलिनमध्ये टाकलेला पट्टकृमी आवळून गाठोडं होतो आणि डोक्याच्या खाचा दिसत नाहीत. गरम द्रवात तो सरळ, मोकळा स्थिर होतो. एक तुकडा जनुकीय तपासणीसाठी 96 टक्के अल्कोहोलमध्ये बाजूला, कारण फॉर्मेलिनमधल्या तुकड्याचा त्या कामाला फारसा उपयोग नसतो. कार्माइनने रंगवलेल्या स्लाइडवर हृदयाकृती डोकं आणि दोन खाचा स्वच्छ दिसल्या. आशियाई पट्टकृमी.

या कृमीचं वर्णन 1934 साली यामागुती यांनी जपानमधल्या एका छोट्या माशातून केलं. मुळात तो पूर्व आशियातला. गवत्या हा पाणवनस्पती खाणारा मासा देशोदेशी नेला गेला आणि त्याच्या आतड्यातून हा कृमीही गेला. आज दोनशेहून जास्त जातींच्या गोड्या पाण्यातल्या माशांत त्याची नोंद आहे. 2015 मध्ये त्याला शायझोकोटाइल या वंशात हलवलं गेलं, पण प्रयोगशाळांत अजून जुनंच नाव चालतं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनजवळच्या लिटल कोलोरॅडो नदीतल्या हम्पबॅक चब या दुर्मीळ माशापर्यंत तो पोहोचला. कुठल्याही मत्स्यबीजाबरोबर काय काय जातं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

अहवाल ऐकताना व्यवस्थापकांनी हरकत घेतली, ती रास्त होती. “मॅडम, गवत्या तर गवत खातो. मग सायक्लॉप्समधून येणारा कृमी त्याच्यात कसा येईल?” पुष्कळ अनुभवी माणसंही हेच विचारतात. गवत्या गवताकडे वळतो तो बोटाएवढा होता होता. त्याआधी तो इतर सगळ्या पिल्लांसारखाच प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो, आणि सायक्लॉप्स त्यातला मोठा घास. कृमीचं अंडं विष्ठेतून पाण्यात पडतं, उबदार पाण्यात काही दिवसांत फुटतं, केसाळ अळी पोहत निघते, सायक्लॉप्स तिला गिळतो, त्याच्या शरीरपोकळीत ती पुढची अवस्था गाठते, आणि पिल्लू तो सायक्लॉप्स खातं. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर माशाच्या आतड्यात तीनेक आठवड्यांत कृमी अंडी घालायला लागतो. थंड पाण्यात याच कामाला दोन महिनेही जातात. म्हणजे संगोपन तळ्यातला जो काळ पिल्लांच्या वाढीसाठी सर्वांत चांगला, तोच या कृमीसाठीही. वाढलेला गवत्या नव्याने बाधित होणं कमी होतं, पण आधी आत गेलेले कृमी राहतात आणि तो पुढच्या तळ्यात अंडी सांडत फिरतो, अंगापिंडाने अगदी निरोगी दिसत.

तळ्यातून प्लवंगाच्या जाळीने गाळलेला नमुनाही पाहिला. कव्हर स्लिपखाली हलका दाब देऊन सायक्लॉप्स एकेक करून तपासावा लागतो. आतली कृमीची अवस्था लांबट गोल, मागे छोटी घुंडी आणि तिच्यात सहा सूक्ष्म हुकं. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं. बऱ्याच सायक्लॉप्सनंतर एक बाधित सापडला. सापडला नसता तरी मी तळं निर्दोष ठरवलं नसतं, कारण माशांत भरपूर कृमी असतानाही बाधित सायक्लॉप्सचं प्रमाण अगदी कमी असू शकतं.

आता त्या उलट्या चित्राकडे. मेलेले मासे मोठे, कमी कृमींचे. जिवंत राहिलेले लहान, कृमींनी भरलेले. ऑक्सिजन संपतो तेव्हा त्याच जातीतले मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज एकूण जास्त, आणि लहान मासा पृष्ठभागाशी हवेला लागून असलेल्या पातळ थरातलं पाणी ओढून तग धरतो. आणि या तळ्यात लहान कोण होते? ज्यांची वाढ कृमींनी खुंटवली ते. त्या पहाटेने निवड केली ती आकाराने, आणि आकार ठरवला होता कृमींनी. मेलेल्यांमधले कृमी रात्रीत विरघळून आकडे आणखी खाली आले असणार, हे दुसरं. हा अर्थ लावला की दोन्ही पिशव्या आणि बर्फाची पेटी, तिन्ही एका गोष्टीत बसतात.

पण एक टोक सुटं राहतं. आतडं बंद झालेला, रक्त पातळ झालेला मासा ऑक्सिजनच्या तुटवड्यात मोठ्या निरोगी माशाच्या आधी मरायला हवा असंही म्हणता येतं. कडेला संथ पोहणारे मासे त्या पहाटे नेमके कडेला, उथळ पाण्यात, पाणी येण्याच्या तोंडापाशी होते म्हणून वाचले का? माझा कल तिकडे आहे. सिद्ध करायचं तर आधीच्या रोजच्या मरीतले मासे हवे होते. त्यातला एकही प्रयोगशाळेत आला नाही. रोज सकाळी ते बांधावर फेकले गेले आणि पक्ष्यांनी उचलले. संथ मर ही आशियाई पट्टकृमीची, असं मी अहवालात ‘बहुधा’ जोडून लिहिलं. तो शब्द काढता येत नाही.

बीज आलं तेव्हा त्याच्याबरोबर ‘रोगमुक्त’ असा दाखला होता. दाखला देणाऱ्याने पाच मासे पाहिले होते, त्वचा आणि कल्ले एवढेच. दहातला एक मासा बाधित असेल तर पाच मासे तपासून तो निसटण्याची शक्यता 59 टक्के आहे, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. दहा टक्के बाधा 95 टक्के खात्रीने पकडायला साधारण 30 मासे लागतात, पाच टक्के पकडायला 60. आणि आतडं न उघडता आतड्यातल्या कृमीबद्दल दाखला देणं तर समजण्यापलीकडचं आहे. यावर बोललं की ‘एवढे मासे मारायचे का?’ असं उत्तर येतं. हजारोंच्या खेपेतले साठ मासे. न मारल्याने काय झालं ते त्या तळ्यावर दिसत होतं.

वाचलेल्या माशांवर प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाचा उपचार झाला. तळ्यात घालायचं नाही, टाक्यांत मासे आणून घालायचं. 2 ते 3 मिलिग्रॅम प्रति लिटर, 24 तास, मासे विरळ ठेवून, हवा चालू ठेवून, आदल्या दिवशी उपाशी. पूड पाण्यात सहज विरघळत नाही, तळाशी बसते आणि मात्रा कागदावरच राहते, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टाकीभर फिरवायची. टाकीचं पाणी नंतर कुठल्याही तळ्यात किंवा पाटात सोडायचं नाही: औषधाने कृमी सुटतो, पण त्याच्या पोटातली अंडी जिवंत राहतात आणि टाकीच्या तळाशी हजारोंनी पडतात. ते पाणी कोरड्या जमिनीवर जिरवायचं किंवा चुन्याने सामू (पीएच) वर नेऊन मगच टाकायचं. उपचारानंतर काही दिवसांनी थोडे मासे कापून पाहायचे, आणि पाहायचं ते डोकं. फीत गळून गेली आणि डोकं चिकटून राहिलं तर तिथून पुन्हा फीत वाढते. खाण्यासाठी जाणाऱ्या माशांना हे औषध कधी आणि कसं द्यायचं याचे नियम वेगवेगळ्या देशांत वेगळे आहेत, ते आधी पाहायचे. बोटुकलीच्या बाबतीत वेळ हाताशी असते हे बरं.

सायक्लॉप्स मारायला कीटकनाशक घालू का, असाही प्रश्न आला. मी नको म्हटलं. संगोपन तळ्यांत ही पद्धत आहे, पण ऑर्गॅनोफॉस्फेटने सायक्लॉप्सबरोबर पिल्लांचं बाकीचं खाद्यही जातं, आणि तळात कृमीची अंडी असतील तर नवे सायक्लॉप्स आले की चक्र पुन्हा सुरू होतं. तळं रिकामं करणं हाच रस्ता होता. चिखलाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं, कारण अंडी कोरडेपणा सोसत नाहीत. चुना मात्र तळ ओलसर असतानाच, ताजा कळीचा, असा की ओल्या मातीचा सामू 11 च्या वर जाईल. हवेत पडून विरलेल्या जुन्या चुन्याने तो जात नाही, मोजून पाहायचा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कोपऱ्यातल्या डबक्यांकडे. ओंजळभर पाणी राहिलं तरी त्यात सायक्लॉप्स आणि एखादा चुकार मासा तगतो, आणि सायक्लॉप्सच्या काही जाती ओल्या गाळातही निद्रावस्थेत राहतात. पुन्हा पाणी घेताना तोंडावर बारीक जाळी, कारण ओढ्यातले बोटभर रानमासे या कृमीचे उत्तम यजमान आहेत.

या प्रकरणात एका सहकाऱ्याने अहवालात ‘मासे खाण्यास अयोग्य’ असं घालायला सुचवलं होतं. मी ते काढून टाकलं. हा कृमी आतड्यात राहतो, मांसात नाही, आणि मासे खाणाऱ्या माणसाला त्याच्यापासून धोका मानला जात नाही. गोड्या पाण्यातल्या माशांतून माणसात येणारे कृमी वेगळे आहेत: ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिस हे यकृतातले चपटे कृमी माशाच्या मांसात सूक्ष्म पुटीच्या रूपात असतात, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून येतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्याला 1994 मध्ये आणि दुसऱ्याला 2009 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्यांच्यासाठी मासा पूर्ण शिजवणं किंवा उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवणं हा नियम आहे. हे दोन विषय एका वाक्यात मिसळले की लोक निरुपद्रवी फितीला घाबरतात आणि न दिसणाऱ्या पुटीला घाबरत नाहीत.

तळ्यावर नवीन बीज घेण्याआधी खेपेतले 60 मासे आतडं उघडून तपासले जातील, हे ठरलं आहे. आणि पुढे रोजच्या मरीतले मासे बांधावर जाणार नाहीत. पहाटे गोळा केलेले, कल्ले अजून लाल असलेले चार-पाच मासे, पोटाला गुदद्वारापासून पुढे लहानशी चीर देऊन, म्हणजे द्रव आतड्यापर्यंत पोहोचेल, माशांच्या आकारमानाच्या दहापट 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकायचे. बरणीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: तारीख, तळ्याचा क्रमांक, जात, आणि मासा कडेला मिळाला की मध्ये. फॉर्मेलिनमध्ये शाई पुसली जाते, पेन्सिल राहते.